ऐकू न आलेला 'नाही'

माझ्या यजमानांची शस्त्रक्रिया अकरा दिवस पुढे गेली ती एका 'टी'मुळे. 'टी' म्हणजे चहा, आणि 'टी' म्हणजे इंग्रजी वर्णमालेतले विसावे अक्षर. दोघांनी मिळून घोटाळा केला, आणि दोघांच्या मध्ये होते मी. सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत तेहतीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई!

गोष्ट २०१८ सालची. आम्ही दोघे लेकीकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो होतो. तिथे पोचून महिना होतो न होतो तोच ह्यांच्या पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली. तपासण्या झाल्या, विम्याच्या भानगडी जावयांनी निस्तरल्या आणि एकदाची शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. आदल्या दिवशी दुपारी रुग्णालयातून नर्सचा फोन येणार, काय खायचे, काय नाही ते ती सांगणार, असे ठरले होते. तो फोन लेकीने घ्यायचा होता. पण ती कामावर होती आणि फोन आला घरच्या नंबरावर. मी उचलला. का उचलू नये? इंग्रजीची बाई मी!

नर्स अतिशय गोड बोलत होती आणि अतिशय भरभर. ह्यांची सकाळची रक्तदाबाची गोळी चहाबरोबर घ्यायची सवय मी तिला सांगितली. तिने जे उत्तर दिले ते मी असे ऐकले : गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येईल, चहा घेता येईल. मला बरे वाटले. मी तिचे आभार मानले. संध्याकाळी लेक आल्यावर तिला सांगितले, "चहा चालेल म्हणाली." तिने भुवया उंचावल्या. "चहा? नक्की?" "अगं, मी माझ्या कानांनी ऐकलंय." त्यावर ती काही बोलली नाही. दहावीपर्यंत माझ्याच हाताखाली इंग्रजी शिकलेली मुलगी ती, आईच्या कानांवर अविश्वास कसा दाखवणार?

पहाटे साडेपाचला मी अर्धा कप चहा केला, दुधाचा, आणि सोबत दोन मारी बिस्किटे दिली. बिस्किटांची परवानगी मी माझ्या अधिकारात दिली, हेही कबूल करते. सात वाजता रुग्णालयात पोचलो. आठ वाजता भूलतज्ज्ञ आले, त्यांनी चौकशी केली आणि शांतपणे मान हलवली. साधे पाणी भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत चालते, पण दूध पोटात अन्नासारखेच रेंगाळते, त्याला निदान सहा तास द्यावे लागतात. भूल दिलेल्या माणसाच्या पोटात काही असेल तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. कोणी रागावले नाही, कोणी आवाज चढवला नाही. फक्त ह्यांच्या हाताला लावलेली पट्टी कापून काढली आणि आम्हाला घरी पाठवले. नवी तारीख अकरा दिवसांनंतरची मिळाली.

त्या अकरा दिवसांतल्या चौथ्या रात्री ह्यांना कळ आली. पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी पोट धरून वाकून बसले होते, कपाळावर घाम, आणि मला म्हणत होते, "तू झोप, थांबेल ही." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले होते आणि डोक्यात नर्सचे ते एकच वाक्य फिरत होते. ती नक्की काय म्हणाली होती?

ती म्हणाली होती 'कॅन्ट'. मी ऐकले 'कॅन'.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लेकीने माझी शिकवणी घेतली. "आई, इथे तो 'टी' ऐकायचाच नसतो," ती म्हणाली. मी म्हटले, "म्हणजे? अख्खा नकार त्या 'टी'तच तर आहे!" "लिहिताना आहे. बोलताना नाही." मग तिने दोन वाक्ये म्हणून दाखवली. 'मी जाऊ शकतो' म्हणायचे असेल तेव्हा अमेरिकन माणूस 'आय कॅन गो' असे म्हणतच नाही. तो म्हणतो 'आय क्न गो'. 'कॅन'मधला स्वर गिळून टाकतो, सगळा जोर 'गो'वर. आणि 'जाऊ शकत नाही' म्हणताना तो 'कॅन' पूर्ण, ठसठशीत उच्चारतो, आणि 'टी'च्या जागी घशात नुसता एक बारीकसा अडथळा, उचकी लागता लागता राहून गेल्यासारखा. म्हणजे होकार-नकाराचा निवाडा 'टी' करत नाही. तो स्वर करतो आणि जोर करतो. 'कॅन' नीट ऐकू आला, तर समजावे की नकार आहे!

मी डोक्याला हात लावला. आमच्या शाळेत आम्ही विलायती उच्चार शिकलो आणि शिकवला. तिथे 'कॅन' आणि 'कान्ट'. आ लांब. बहिऱ्यालाही फरक कळावा. माझा कान फोनवर त्या लांब 'आ'ची वाट पाहत बसला होता. तो आला नाही, म्हणून मी होकार धरून चालले.

मग लेकीने तोंडावर हात धरून दहा वाक्ये म्हटली आणि मी होकार की नकार ते ओळखायचे, अशी परीक्षा झाली. दहापैकी सहा गुण मिळाले. पास, पण शिक्षिकेला शोभणारे नव्हेत.

गंमत म्हणजे हा घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. आपण मराठी माणसे प्रत्येक अक्षराला सारखा न्याय देतो. आपला 'कॅन' नेहमीच भरघोस. पहिल्या तपासणीच्या दिवशी स्वागतकक्षातल्या मुलीने ह्यांना विचारले होते, लांबच्या विभागापर्यंत चालत जाता येईल ना? हे छाती काढून म्हणाले, 'आय कॅन वॉक.' तिने ताबडतोब चाकांची खुर्ची मागवली. आम्हाला तेव्हा वाटले, किती तत्पर माणसे!

त्या अकरा दिवसांत मला दुसरे काही सुचत नव्हते. लेकीच्या घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन मी या 'एन टी'चा इतिहास उकरत बसले. अपराध्याने स्वतःच्या खटल्याचे कागद वाचावेत तसे.

वर्गात आम्ही हे सगळे अर्ध्या तासात उरकत असू. 'डू नॉट'चे 'डोन्ट', 'इज नॉट'चे 'इजन्ट', फळ्यावर दोन उभे रकाने, मध्ये बरोबरचे चिन्ह. 'ओ' गाळला, त्याच्या जागी वरचा स्वल्पविराम द्या. मुले तो स्वल्पविराम हटकून 'एन'च्या अलीकडे देत, कारण त्यांच्या मते तो दोन शब्दांचा सांधा होता, गळालेल्या अक्षराची खूण नव्हे. मी लाल पेन्सिलीने अर्धा गुण कापत असे. पत्रलेखनात 'डोन्ट' लिहिले तरी अर्धा गुण, कारण औपचारिक पत्रात संक्षेप चालत नाही. बोलण्यात मात्र चालतो, एवढे एक वाक्य सांगून मी पुढच्या धड्याकडे वळे. ऐकण्याबद्दल एक अक्षर नाही. बोलणारे इंग्रजी आमच्या वर्गात येणार तरी कुठून? पाचवीला एबीसीडी गिरवणारी मुले, आणि बाईंचे स्वतःचे इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले.

फळ्यावरचे ते बरोबरचे चिन्हसुद्धा खोटे होते, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळले. 'वोन्ट यू कम?' या वाक्यातला 'वोन्ट' सुटा करून पाहा. 'विल नॉट यू कम?' असे कोणी इंग्रज बोलत नाही. 'हॅवन्ट यू' चालते, 'हॅव नॉट यू' चालत नाही. म्हणजे 'एन टी' हा आता 'नॉट'चा नुसता आखूड केलेला सदरा राहिलेला नाही. तो क्रियापदाला चिकटून त्याचाच अवयव झाला आहे. झ्विकी आणि पुलम या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात हेच सविस्तर मांडले : 'एन टी' हा चिकटलेला शब्द नव्हे, तो प्रत्यय आहे, जसा आपला 'तो', 'ते', 'ला'. म्हणूनच तो मनास येईल तसा वागतो. 'विल'ला लागला की 'वोन्ट' होतो, 'शॅल'ला लागला की दोन्ही 'एल' खाऊन 'शान्ट' होतो, 'डू'ला लागला की 'डू'चा 'डो' करतो, 'मस्ट'ला लागला तर 'मस्ट'मधल्या 'टी'चा आवाजच बंद करतो. आणि 'अ‍ॅम'ला तर लागतच नाही. स्कॉटलंड-आयर्लंडकडे 'अ‍ॅमन्ट' म्हणतात, पण इतर सभ्य इंग्रज 'मी नाही का?' विचारताना व्याकरण मोडून 'आरन्ट आय?' म्हणतो. एक 'एन्ट' होता, तो भोक बुजवायला अगदी तयार होता, पण तो गावंढळ ठरला. १९६१ साली वेब्स्टरच्या मोठ्या शब्दकोशाने या 'एन्ट'ला जरा सौम्य वागणूक दिली, तर अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी कोशकारांवर भाषाबुडवेपणाचा आरोप केला. आमच्या सातारी पोरांचे 'न्हाय' ऐकून मीही कपाळाला आठ्या घालत असे, ते आठवले.

'वोन्ट'मध्ये तो 'ओ' आला कुठून, हा प्रश्न एका सातवीतल्या मुलाने मला एकदा विचारला होता. मी त्याला "असंच असतं, पाठ कर" म्हणून बसवले. उत्तर साधे आहे. जुन्या इंग्रजांत 'विल'चे 'वोल' असे एक रूप प्रचारात होते. ते रूप मेले, पण नकारात जिवंत राहिले. आता तो मुलगा भेटला तर सांगेन म्हणते.

आणि त्याहून जुना इतिहास वाचताना मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'नॉट' नव्हताच. नकारासाठी होता 'ने', आणि तो क्रियापदाच्या आधी येई, कित्येकदा त्याला पुढून चिकटून बसे. 'ने' आणि 'इज' मिळून 'निस'. 'ने' आणि 'वॅस' मिळून 'नॅस'. म्हणजे थेट आपले! न आणि असणे मिळून नसणे, न आणि होता मिळून नव्हता, न आणि होय मिळून नव्हे. संस्कृतातले 'नास्ति' आणि त्या जुन्या इंग्रजीतले 'निस' ही एकाच घराण्यातली, एकाच पद्धतीने बांधलेली भावंडे. 'विली-निली' हा शब्द आजही इंग्रजीत आहे. 'इच्छा असो वा नसो' असा त्याचा मूळ अर्थ, आणि त्यातला 'निली' हा त्या जुन्या नकाराचा वंशज.

पुढे हा 'ने' बोलण्याच्या ओघात इतका पुसट झाला की ऐकू येईना. माझ्या नर्सच्या 'टी'सारखा. मग लोक त्याला टेकू म्हणून वाक्यात आणखी एक जोराचा शब्द घालू लागले, 'काहीही नाही' अशा अर्थाचा. त्या शब्दाचा झाला 'नॉट'. कालांतराने मूळचा 'ने' गळून पडला आणि टेकूच घराचा मालक झाला. आणि आता तो मालकही झिजून 'एन टी' झाला आहे. ओटो येस्परसेन या डॅनिश पंडिताने १९१७ साली आपल्या ग्रंथात नकाराचा हा रहाटगाडगेपणा दाखवून दिला : झिजणे, टेकू लावणे, पुन्हा झिजणे. नकार हा वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द, आणि नेमका तोच सर्वांत जास्त घासला जातो.

हे घासणे सगळ्यांना रुचले असे नाही. 'डोन्ट', 'कान्ट', 'वोन्ट' ही रूपे सतराव्या शतकात लेखनात दिसू लागली आणि अठराव्याच्या सुरुवातीला जोनाथन स्विफ्टने 'टॅटलर'मध्ये, १७१० साली, त्यांची यथेच्छ टर उडवली. पुढच्याच वर्षी अ‍ॅडिसनने 'स्पेक्टेटर'मध्ये लिहिले की इंग्रज मुळातच अबोल, म्हणून शब्दांतली अक्षरेही वाचवतो आणि भाषेत व्यंजनांची दाटी करून तिचा सूर बिघडवतो. तीनशे वर्षे उलटली. त्या दोघांचे लेख अभ्यासक वाचतात आणि 'डोन्ट' सारे जग बोलते.

'अ‍ॅलिस'चा कर्ता लुईस कॅरल हा गणिताचा माणूस. त्याचे म्हणणे, 'शान्ट'मध्ये दोन ठिकाणची अक्षरे गळाली आहेत तर स्वल्पविरामही दोन हवेत, आणि तो खरोखरच दोन-दोन देई. बर्नार्ड शॉने उलट आपल्या नाटकांत ते बहुतेक हद्दपारच केले. माझ्या लाल पेन्सिलीपुढे दोघेही नापास झाले असते.

नकाराचा शब्द सुटला तर काय होते, याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १६३१ सालचा. लंडनमध्ये छापलेल्या बायबलमध्ये दहा आज्ञांपैकी व्यभिचाराविरुद्धच्या आज्ञेतला 'नॉट' जुळाऱ्याकडून राहून गेला आणि देवाने व्यभिचाराची आज्ञाच दिल्यासारखे झाले. राजाच्या मुद्रकांना तीनशे पौंड दंड झाला. ते वाचून मला क्षणभर बरे वाटले. माझ्यामुळे निदान एकच माणूस अडचणीत आला होता.

पण मुख्य प्रश्न माझा वेगळाच होता. मी चुकले कशी? मराठीत मी असा 'नाही' कधी चुकवला आहे का? आठवून पाहिले, एकदाही नाही. आणि मग लक्षात आले, मराठीत तो चुकवणे जवळजवळ अशक्यच आहे. आपला 'नाही' वाक्याच्या शेवटी उभा असतो, दारातल्या रखवालदारासारखा. त्यांना सकाळी गोळीबरोबर दूध घातलेला चहा दिलेला चालणार... आणि इथे ऐकणाऱ्याचा श्वास थांबतो... नाही. दोन अक्षरे पूर्ण, शेवटची, वाऱ्यावर मोकळी सोडलेली. शिवाय तो नुसता उभा नसतो, माणसाप्रमाणे वेष बदलतो : येत नाही, येत नाहीस, येत नाहीत, नको, नकोस, नका. इंग्रजी नकार मात्र वाक्याच्या पहिल्या-दुसऱ्या शब्दातच, पाहुणे दारात चपला काढत असताना घरमालकाने काहीतरी पुटपुटावे तसा येऊन जातो. आपला कान सावध होतो शेवटाला. तोवर त्यांचा 'नाही' कधीच होऊन गेलेला असतो.

चुकीच्या जागी कान लावण्याइतकाच चुकीच्या ठिकाणी अर्थ लावणे हाही आपला छंद. आमच्या शाळेतल्या एका गुरुजींनी स्नेहसंमेलनाच्या प्रमुख पाहुण्यांना इंग्रजीत पत्र लिहिले. त्यांना म्हणायचे होते, पाचच्या आधी यायला नको, म्हणजे तसदी घेऊ नका. त्यांनी लिहिले 'यू मस्ट नॉट कम बिफोर फाइव्ह'. म्हणजे खबरदार, पाचच्या आधी आलात तर! 'मस्ट' म्हणजे पाहिजे, मग 'मस्टन्ट' म्हणजे 'पाहिजे असे नाही', हा हिशेब मराठी मनाला बिनचूक वाटतो. पण 'मस्टन्ट' म्हणजे सक्त मनाई, आणि 'गरज नाही' म्हणायला 'नीडन्ट' किंवा 'डोन्ट हॅव टू' लागते. आपल्याकडे 'जाऊ नये' आणि 'जायला नको' हे दोन वेगळे कप्पे आहेतच की. फक्त किल्ल्या अदलाबदल झाल्या. पाहुणे साडेपाचला आले आणि भाषणात त्यांनी त्या पत्राचा उल्लेख केला. गुरुजी मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

उलट जिथे नकार दिसतो तिथे तो नसतोही. 'व्हाय डोन्ट यू सिट डाउन?' याचे भाषांतर माझी मुले करीत, 'तुम्ही का बसत नाही?' जणू फौजदार विचारतोय. खरा अर्थ काय? 'बसा ना!' 'वोन्ट यू हॅव सम टी?' म्हणजे 'चहा घ्या ना!' आपला हा 'ना' आणि त्यांचा तो 'एन टी', दोघेही अंगावर नकाराचे कपडे घालून आग्रह करतात. आर्जव करायचे तर समोरच्याला 'नाही' म्हणायची वाट उघडी ठेवावी लागते, हे दोन्ही भाषांना कळलेले आहे. वर्गात मला हे कधी सुचले नाही याची आज खंत वाटते. एका 'बसा ना'ने अर्धा धडा शिकवून झाला असता.

आणि मग हे सगळे संक्षेप असताना कोणी मुद्दाम पूर्ण 'नॉट' उच्चारला, की समजावे प्रकरण गंभीर आहे. जानेवारी १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी दूरचित्रवाणीसमोर स्वतःवरचा आरोप फेटाळला, तेव्हा त्यांनी 'डिडन्ट' म्हटले नाही. 'डिड' आणि 'नॉट' असे दोन शब्द सुटे करून म्हटले. ते विधान पुढे टिकले नाही, ही गोष्ट वेगळी. घरातही तेच. माझी नात एरवी दिवसभर 'डोन्ट' म्हणते. पण तिच्या भावाने तिच्यावर काही आळ घेतला, की ती पाय आपटून 'आय! डिड! नॉट!' म्हणते. तेव्हा मला तिचा प्रत्येक शब्द स्पष्ट कळतो.

अकरा दिवस संपले. आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. लेक घरी होती, पण मी तिला म्हटले, "मला घेऊ दे." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि फोन माझ्या हातात दिला. मी प्रत्येक गोष्टीला विचारत गेले, 'कॅन, ऑर कॅनॉट?' तर्खडकरी इंग्रजीत. पलीकडची नर्सही समजून गेली आणि प्रत्येक वेळी सावकाश, पूर्ण शब्द उच्चारत राहिली. चहा? कॅनॉट. दूध? कॅनॉट. घोटभर पाणी गोळीपुरते? कॅन. मी सगळे कागदावर मराठीत लिहून घेतले आणि कागद फ्रीजवर चिकटवला.

सकाळी सातला पुन्हा तीच खोली. ह्यांनी रात्रीपासून तोंडात काही घातले नव्हते. एक तरुण नर्स कागद घेऊन आली. तिने हसून विचारले, आज सकाळी तुम्ही काही खाल्लेले-प्यायलेले नाही ना? 'यू हॅवन्ट हॅड एनीथिंग टू ईट ऑर ड्रिंक?' आणि हे सुटकेच्या सुरात म्हणाले, 'येस!'

तिचे पेन थांबले.

मी खुर्चीतून उठलेच. 'नो! नो! ही हॅजन्ट!' असे काय ओरडले असेन, शेजारच्या पडद्याआडून कोणीतरी डोकावले.

ह्यांची काही चूक नव्हती. 'तू जेवला नाहीस?' याला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो. आपला 'हो' समोरच्या माणसाला असतो : तुझा अंदाज बरोबर आहे बाबा. जपानी माणसाचाही रिवाज साधारण असाच. इंग्रजीतला 'येस' माणसाला नसतो, घटनेला असतो. खाल्ले असेल तर 'येस', खाल्ले नसेल तर 'नो'; विचारणाऱ्याने प्रश्नात 'एन टी' घातला काय आणि न घातला काय. खरे तर आपण 'नाही, नाही जेवलो' असेही म्हणतोच, आणि चेहऱ्यावरून, सुरावरून एकमेकांचे समजून घेतो. पण नर्सच्या कागदावर चेहऱ्याला रकाना नव्हता. तिथे दोनच चौकोन होते.

तिने प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी नकार काढून : काही खाल्ले आहे का? हे माझ्याकडे पाहू लागले. मी मान हलवली. "नो," हे म्हणाले. अगदी हळू, पहिलीतल्या मुलासारखे. तिने दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि त्यांच्या मनगटाला पट्टी बांधली.

शस्त्रक्रिया नीट झाली. संध्याकाळी घरी आणले. लेकीने उशा रचून त्यांना बसवले, जावयांनी औषधांच्या वेळा लिहून ठेवल्या. डॉक्टरांनी हलके काही द्यायला हरकत नाही म्हणून सांगितले होते. ते मी लेकीकडून दोनदा वदवून घेतले होते. जरा वेळाने सगळे आपापल्या खोलीत गेले. ह्यांनी डोळे उघडून स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिले.

"आता चहा मिळेल ना?"

मी उठून गॅस पेटवला.